क्वीन्सलंडचे परदेशी डॉक्टर आणि न्यायाचा हक्क

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येचे क्वीन्सलंड हे राज्य क्षेत्रफळाने भारताच्या निम्म्याहून मोठे आहे. २००६ च्या जनगणनेत मात्र तिथली लोकवस्ती चाळीस लाखही भरली नव्हती. त्यातले बहुतेक लोक ब्रिस्बेन आणि त्याच्या आसपासच्या किनारपट्टीवर राहतात. उरलेल्या विखुरलेल्या गावांतली सरकारी रुग्णालये चालवायला स्थानिक डॉक्टर पुरत नाहीत. ही उणीव अनेक वर्षे परदेशांतून, त्यातही भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी भरून काढली आहे. २००५ ते २०१३ या काळात या राज्यातल्या, भारतात जन्मलेल्या दोन डॉक्टरांवरच्या आरोपांनी देश ढवळून निघाला. जयंत पटेल यांच्यावर रुग्णांच्या मृत्यूंचा ठपका आला, तर मोहम्मद हनीफ यांच्यावर दहशतवादी संघटनेला मदत केल्याचा. पहिल्या प्रकरणात गंभीर व्यावसायिक दोष होते. दुसऱ्यात आरोप टिकेल असा पुरावाच नव्हता. तरी दोन्हींत न्यायव्यवस्थेपुढे उभा राहिलेला प्रश्न एकच होता. ज्याच्याविषयी लोकमत आधीच ठरून गेले आहे, अशा परक्या देशातल्या माणसाला कायद्याची नेहमीची वागणूक मिळते का? हनीफ यांच्या बाजूने बोलणाऱ्या भारतीय आणि मुस्लिम समाजाची, तसेच वकिलांची मागणीही याच प्रश्नाभोवती होती. आरोपीला सोडून द्या, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पुरावा दाखवा आणि इतरांना लागू होतो तोच कायदा यालाही लावा, एवढेच ते मागत होते.

परदेशी डॉक्टरांवर चालणारी रुग्णालये

ऑस्ट्रेलियात १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने गौरेतर लोकांच्या येण्याला जवळजवळ बंदी घातली होती. बंदरावर उतरलेल्या माणसाला अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत उतारा लिहायला लावायचा आणि तो नापास झाला की परत पाठवायचे, अशी ती पद्धत होती. ही लेखी परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली आणि वंशावर आधारलेल्या धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये संपले. त्यानंतर शिकलेल्या भारतीयांचा ओघ हळूहळू वाढला. २००६ मध्ये भारतात जन्मलेल्या ऑस्ट्रेलियातील रहिवाशांची संख्या सुमारे १,४७,००० होती, आणि त्यांत डॉक्टर, अभियंते व संगणक क्षेत्रातले लोक मोठ्या प्रमाणात होते.

डॉक्टरांची टंचाई बऱ्याच अंशी सरकारी धोरणातून निर्माण झाली होती. देशात डॉक्टर गरजेपेक्षा जास्त झाले आहेत, अशी १९९० च्या दशकात सरकारची समजूत होती आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाच्या जागा वाढू दिल्या गेल्या नाहीत. दहा वर्षांत उलटा अनुभव आला. शहरांत डॉक्टर होते. लहान गावांत जायला कोणी तयार नव्हते. ही पोकळी भरायला दोन साधने वापरली गेली. पहिले साधन म्हणजे १९९७ पासूनचा नियम. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळवायचे असतील, तर साधारण दहा वर्षे टंचाईच्या भागातच काम करावे लागे. दुसरे साधन म्हणजे १९९६ मध्ये सुरू झालेला ४५७ क्रमांकाचा तात्पुरता कुशल कामगार व्हिसा. त्यात डॉक्टरला बोलावणारी संस्था हीच त्याची पुरस्कर्ती असे. नोकरी सुटली, तर २८ दिवसांत दुसरा पुरस्कर्ता शोधायचा किंवा देश सोडायचा.

या व्यवस्थेत रुग्णालयाला माणूस मिळत होता आणि डॉक्टरला अनुभव व पगार. पण डॉक्टरची नोंदणी, नोकरी आणि देशात राहण्याचा हक्क ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली होती. एका ठिकाणी संशय आला की तिन्ही एकदम धोक्यात येत. दुसऱ्या बाजूला, ‘टंचाईचे क्षेत्र’ म्हणून जाहीर झालेल्या रुग्णालयात नेमणूक करताना उमेदवाराची पात्रता तपासण्यात ढिलाई होत असे. जागा रिकामी ठेवण्यापेक्षा ती भरणे प्रशासनाला सोयीचे होते.

बंडाबर्गचे प्रकरण

ही ढिलाई २००५ मध्ये उघडी पडली. बंडाबर्ग हे ब्रिस्बेनच्या उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवरचे, उसाच्या शेतीसाठी ओळखले जाणारे शहर. तिथल्या सरकारी रुग्णालयात जयंत पटेल २००३ मध्ये रुजू झाले आणि लवकरच शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण जामनगरला झाले होते आणि नंतरची बरीच वर्षे ते अमेरिकेत होते. न्यूयॉर्क राज्यात त्यांच्यावर पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली होती आणि ओरेगन राज्याने २००० मध्ये काही प्रकारच्या शस्त्रक्रिया करण्यावर त्यांना मर्यादा घातल्या होत्या. ही माहिती त्यांनी क्वीन्सलंडच्या वैद्यकीय मंडळाला दिली नाही आणि मंडळानेही ती खोदून काढली नाही.

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन यांनी पटेल यांच्या शस्त्रक्रियांविषयी वारंवार तक्रारी केल्या. वरिष्ठांनी लक्ष दिले नाही, तेव्हा त्या स्थानिक आमदारांकडे गेल्या आणि मार्च २००५ मध्ये विषय राज्याच्या विधिमंडळात आला. पाठोपाठ ‘कुरिअर मेल’चे पत्रकार हेडली थॉमस यांनी इंटरनेटवर साधा शोध घेतला आणि अमेरिकेतली जुनी कारवाई बाहेर आली. पटेल त्याच सुमारास अमेरिकेला निघून गेले. तिकिटाचा खर्च राज्याच्या आरोग्य खात्यानेच केला होता. किती मृत्यूंना त्यांचे उपचार कारणीभूत होते हे तज्ज्ञांनी ठरवण्याआधीच वृत्तपत्रांनी त्यांना ‘डॉक्टर डेथ’ हे नाव देऊन टाकले.

राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुख टोनी मॉरिस यांनी रुग्णालयाच्या दोन प्रशासकांना साक्षीच्या वेळी ज्या रीतीने वागवले, त्यावर हे प्रशासक सर्वोच्च न्यायालयात गेले. (ऑस्ट्रेलियात राज्याच्या वरिष्ठ न्यायालयालाच सर्वोच्च न्यायालय म्हणतात, देशपातळीवरचे शेवटचे न्यायालय म्हणजे उच्च न्यायालय.) आयोगप्रमुखांच्या मनात पूर्वग्रह आहे असे वाजवी माणसाला वाटू शकेल, असा निर्णय न्यायालयाने सप्टेंबर २००५ मध्ये दिला आणि मॉरिस आयोग तिथेच थांबला. निवृत्त न्यायाधीश जेफ्री डेव्हिस यांच्या नव्या आयोगाने नोव्हेंबर २००५ मध्ये अहवाल दिला. पटेल यांच्याइतकाच दोष त्यात अपुरा निधी, सदोष नोंदणी आणि तक्रारी दडपणारे प्रशासन यांना दिला होता.

परदेशातून आलेल्या इतर डॉक्टरांना या काळाची झळ बसली. भारतीय नावाचा डॉक्टर समोर आला की रुग्ण त्याची पात्रता विचारू लागले, काही जण उपचारच नाकारू लागले. पटेल यांच्या वतीने समाजातून व्यापक मोहीम उभी राहिली नाही; बहुतेकांनी स्वतःला या प्रकरणापासून दूर ठेवले. दोन वर्षांनी दुसरा डॉक्टर बातम्यांत आला, तेव्हा हे सगळे राज्याच्या आठवणीत ताजे होते.

थांबणारे घड्याळ

२००१ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात दहशतवाद हा वेगळा गुन्हा नव्हता. अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर २००२ पासून एकामागून एक कायदे आले. त्यांतला २००४ चा दहशतवादविरोधी कायदा इथे महत्त्वाचा आहे. सामान्य गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाची आरोपाविना चौकशी करायला पोलिसांना चार तास मिळत आणि ते फार तर आठ तासांनी वाढवता येत. २००४ च्या दुरुस्तीने दहशतवादाच्या संशयितासाठी ही मर्यादा एकूण २४ तासांवर नेली.

मेख मात्र वेगळीच होती. या २४ तासांत फक्त प्रत्यक्ष चौकशीचा वेळ मोजायचा होता. संशयिताची झोप, जेवण, वकिलाशी बोलणे यांचा वेळ त्यातून वगळला जाई. त्याशिवाय परदेशातून माहिती मागवायला लागणारा वेळ किंवा दोन देशांच्या घड्याळांतला फरक अशा कारणांसाठीही दंडाधिकारी वेळ वगळू शकत. या वगळलेल्या वेळेवर कायद्याने कोणतीही कमाल मर्यादा घातली नव्हती. जुलैमध्ये ब्रिटन आणि ब्रिस्बेनच्या घड्याळांत नऊ तासांचे अंतर असते. तपास ब्रिटनशी जोडलेला असेल, तर ते २४ तास किती दिवसांवर पसरतील याला कायद्यात उत्तर नव्हते. भारतात अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते आणि कोठडीचे दिवस तिथून मोजले जातात. ऑस्ट्रेलियाच्या या तरतुदीत मोजणीच थांबवता येत होती. ही तरतूद पहिल्यांदा वापरली गेली ती डॉ. हनीफ यांच्यावर.

अटक आणि बारा दिवस

मोहम्मद हनीफ हे कर्नाटकातल्या चिकमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरेचे. बंगळूरला वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल परिसरात काम केले आणि सप्टेंबर २००६ मध्ये ४५७ व्हिसावर ते गोल्ड कोस्टच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. २९ जून २००७ ला लंडनमध्ये स्फोटकांनी भरलेल्या दोन मोटारी सापडल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्लासगो विमानतळाच्या इमारतीवर जळती जीप घातली गेली. जीप चालवणारा कफील अहमद हा बंगळूरचा अभियंता होता. तो भाजून नंतर मरण पावला. त्याचा साथीदार बिलाल अब्दुल्ला हा डॉक्टर होता आणि त्याला पुढे किमान ३२ वर्षांची शिक्षा झाली. कफील आणि त्याचा डॉक्टर भाऊ सबील हे हनीफ यांच्या दूरच्या नात्यातले भाऊ. जुलै २००६ मध्ये इंग्लंड सोडताना हनीफ यांनी आपले मोबाइलचे सिमकार्ड सबीलकडे ठेवले होते. त्यावर वापरायचे पैसे शिल्लक होते.

२ जुलै २००७ च्या रात्री ब्रिस्बेन विमानतळावर हनीफ यांना अटक झाली. त्यांच्याकडे भारताचे एकेरी तिकीट होते. पत्नीची बंगळूरला नुकतीच शस्त्रक्रियेने प्रसूती झाली होती आणि बाळ जेमतेम आठवड्याचे होते. तपास पथकाला मात्र एकेरी तिकिटात पळून जाण्याचा बेत दिसला. गोल्ड कोस्टच्या दुसऱ्या एका भारतीय डॉक्टरचीही चौकशी झाली, पश्चिम ऑस्ट्रेलियातही काही भारतीय डॉक्टरांना प्रश्न विचारले गेले, आणि ते सगळे सुटले.

हनीफ मात्र आरोपाविना बारा दिवस कोठडीत राहिले. पोलीस दर काही दिवसांनी दंडाधिकाऱ्याकडे जाऊन वेळ वगळण्याची परवानगी घेत. अर्जासोबत दिलेली काही माहिती बचाव पक्षाला दाखवली जात नव्हती. आपल्या अशिलावर नेमका संशय काय, हे माहीत नसताना मुदतवाढीला विरोध कसा करायचा, हा मुद्दा सॉलिसिटर पीटर रूसो आणि बॅरिस्टर स्टीफन कीम यांनी लावून धरला.

समाजाची मागणी

सुरुवातीचे काही दिवस ऑस्ट्रेलियातल्या भारतीय आणि मुस्लिम समाजात भीतीचे वातावरण होते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने पोलिसांविरुद्ध बोलणे धोक्याचे होते. नातेवाइकाला फोन करणे, सिमकार्ड देणे, एकेरी तिकीट काढणे या गोष्टी स्थलांतरितांच्या रोजच्या व्यवहारातल्या होत्या, आणि त्याच संशयाचा आधार ठरत होत्या. त्यामुळे प्रश्न एका डॉक्टरपुरता उरला नाही. दिवस वाढत गेले तसा आवाजही वाढला. मुस्लिम संघटना, भारतीय मंडळे, नागरी हक्कांसाठी काम करणारे गट आणि देशातल्या वकिलांच्या संघटना यांनी सारख्याच मागण्या मांडल्या. आरोप ठेवा किंवा सोडा, पुरावा बचाव पक्षाला दाखवा आणि खटला वृत्तपत्रांत चालवू नका. नागरी हक्क परिषदेचे टेरी ओगॉर्मन हे ब्रिस्बेनचेच फौजदारी वकील. अमर्याद कोठडीचा धोका ते सातत्याने मांडत राहिले.

भारतातही प्रकरण पेटले. हनीफ यांचे कुटुंब बंगळूरला होते आणि दूरचित्रवाणीवर त्यांच्या मुलाखती रोज दिसत होत्या. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आरोपींच्या कुटुंबीयांची अवस्था पाहून आपल्याला झोप लागली नाही, असे सांगितले आणि कोणत्याही समाजावर शिक्का मारू नये असे आवाहन केले. या विधानावर देशात टीकाही झाली. परराष्ट्र मंत्रालयाने ऑस्ट्रेलियाकडे केलेली मागणी मोजक्या शब्दांची होती: तिथल्या कायद्यानुसार हनीफ यांना न्याय्य वागणूक मिळावी. अपराधी की निरपराध, यावर दिल्लीने मत दिले नाही.

जामीन आणि व्हिसा

१४ जुलैला हनीफ यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. सिमकार्ड देऊन त्यांनी बेपर्वाईने दहशतवादी संघटनेला साधन पुरवले, असा तो आरोप होता आणि कमाल शिक्षा १५ वर्षे. दहशतवादाच्या गुन्ह्यात अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय जामीन देऊ नये, असे कायदा सांगतो. १६ जुलैला, सोमवारी, दंडाधिकारी जॅकी पेन यांनी ती परिस्थिती आहे असे ठरवले. सिमकार्ड हल्ल्यात वापरल्याचा पुरावा नव्हता, आणि आरोपीची पूर्वीची वर्तणूक स्वच्छ होती. दहा हजार डॉलरच्या हमीवर जामीन मंजूर झाला.

काही तासांतच केंद्रीय स्थलांतर मंत्री केविन अँड्र्यूज यांनी हनीफ यांचा व्हिसा रद्द केला. स्थलांतर कायद्याच्या कलम ५०१ खाली, गुन्हेगारी वर्तनाचा संशय असलेल्या व्यक्तीशी ‘संबंध’ असलेला परदेशी नागरिक चारित्र्याच्या कसोटीला उतरत नाही, असे मंत्री ठरवू शकतात. परिणाम असा झाला की जामिनावर बाहेर पडताच हनीफ यांना स्थलांतरितांच्या छावणीत जावे लागले असते. म्हणून बचाव पक्षाने हमीचे पैसे भरलेच नाहीत आणि हनीफ ब्रिस्बेनजवळच्या तुरुंगात एकांतात राहिले. न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य मंत्र्याच्या एका सहीने निरुपयोगी ठरले होते. स्थलांतरित समाजात या निर्णयाने सर्वाधिक अस्वस्थता पसरली. नागरिकाला मिळालेला जामीन टिकतो, व्हिसाधारकाचा टिकेलच असे नाही, हे त्यातून दिसले.

जबाबाची १४२ पाने

व्हिसा रद्द झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कीम यांनी एक धाडसी पाऊल उचलले. हनीफ यांच्या पहिल्या पोलीस जबाबाची १४२ पानांची लेखी प्रत त्यांनी ‘द ऑस्ट्रेलियन’च्या हेडली थॉमस यांना दिली. दोन वर्षांपूर्वी पटेल यांचा भूतकाळ उघड करणारे पत्रकार तेच होते. १८ जुलैला बातमी छापून आली आणि आपणच प्रत दिली हे कीम यांनी लगेच जाहीर केले.

जबाब आणि पोलिसांचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवल्यावर फरक कोणालाही दिसत होता. एकेरी तिकिटाविषयी हनीफ यांनी काहीच खुलासा केला नाही, असे प्रतिज्ञापत्रात म्हटले होते. जबाबात मात्र खुलासा सविस्तर होता. तिकीट सासऱ्यांनी काढून दिले होते, आणि पत्नी व बाळाला घेऊन परतायचे असल्याने परतीचे तिकीट नंतर काढायचे होते. सिमकार्डाबाबत ब्रिटिश पोलिसांशी बोलण्यासाठी आपण चार वेळा फोन केला, पण तो लागला नाही, असेही त्यांनी सांगितले होते. तीनच दिवसांत ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने त्याहून मोठी चूक बाहेर काढली. सिमकार्ड ग्लासगोच्या जळत्या जीपमध्ये सापडले, असे सरकार पक्षाने जामिनाच्या सुनावणीत सांगितले होते. ते सापडले होते तीनशे किलोमीटरहून अधिक दूर लिव्हरपूलला, सबीलजवळ.

केंद्रीय अभियोग संचालक डेमियन बग यांनी स्वतः कागद तपासले. सिमकार्डाचे ठिकाण आणि हनीफ यांचा हल्लेखोरांबरोबरचा मुक्काम, या दोन्ही बाबतींत न्यायालयाला चुकीची माहिती दिली गेल्याचे त्यांनी मान्य केले आणि २७ जुलैला आरोप मागे घेतला. व्हिसा मात्र परत मिळाला नाही. हनीफ २९ जुलैला बंगळूरला पोहोचले. अँड्र्यूज यांनी त्यानंतरही आपल्या निर्णयाच्या समर्थनार्थ इंटरनेटवरच्या एका संभाषणातले निवडक भाग प्रसिद्ध केले. केंद्रीय पोलीस प्रमुख मिक कीलटी यांनी कीम यांच्याविरुद्ध वकिलांच्या नियामकाकडे तक्रार केली. ती पुढे फेटाळली गेली.

न्यायालय आणि चौकशी

व्हिसा रद्द करण्याविरुद्धचा खटला हनीफ परतल्यावरही चालू राहिला. ‘संबंध’ या अटीत नाते, ओळख किंवा व्यावसायिक संपर्क एवढेही पुरेसे आहे, असा मंत्र्यांचा अर्थ होता. हा अर्थ धरला तर वकिली करताना आरोपींची बाजू मांडलेला आपल्यासारखा माणूसही कसोटीत नापास होईल, असे न्यायमूर्ती जेफ्री स्पेंडर सुनावणीत म्हणाले. २१ ऑगस्ट २००७ ला त्यांनी मंत्र्यांचा निर्णय रद्द केला. गुन्हेगारी वर्तनाशी काही जवळीक, सहानुभूती किंवा सहभाग दाखवणारा संबंधच या कलमात बसतो, असा अर्थ त्यांनी लावला. सरकारचे अपील फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने २१ डिसेंबरला फेटाळले. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत जॉन हॉवर्ड यांचे सरकार पडले होते.

केविन रड यांच्या सरकारने मार्च २००८ मध्ये निवृत्त न्यायाधीश जॉन क्लार्क यांची चौकशीसाठी नेमणूक केली. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल पोलिसांना झोंबणारा होता. आरोप ठेवण्याइतका पुरावा कधीच नव्हता, असे क्लार्क यांनी म्हटले. हनीफ यांना कटाची माहिती होती असे दर्शवणारे आपल्याकडे काहीही नाही, असे गुप्तचर संघटनेने ११ जुलैलाच, म्हणजे आरोप ठेवण्याच्या तीन दिवस आधी, कळवले होते. तपास अधिकारी एकाच दिशेने विचार करत राहिले. मंत्र्यांनी वाईट हेतूने निर्णय घेतल्याचे क्लार्क यांना आढळले नाही. पण निर्णयापूर्वी हवी ती माहिती नीट मागवली गेली नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तपासावर ८० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. हनीफ यांच्यावर आता संशय नाही, हे केंद्रीय पोलिसांनी ऑगस्ट २००८ मध्येच जाहीर केले होते. डिसेंबर २०१० मध्ये सरकारने त्यांना भरपाई दिली. रक्कम गोपनीय ठेवण्यात आली. थॉमस यांना २००७ चा ऑस्ट्रेलियातला सर्वोच्च पत्रकारिता पुरस्कार, गोल्ड वॉकली, मिळाला आणि कीम यांना २००९ चे मानवाधिकार पदक.

पटेल यांचा खटला

याच काळात पटेल यांचे प्रकरण फौजदारी न्यायालयात पोहोचले. मार्च २००८ मध्ये ओरेगन राज्यात त्यांना अटक झाली आणि जुलैत त्यांना ब्रिस्बेनला आणण्यात आले. ज्युरीपुढे सुमारे साडेतीन महिने चाललेल्या खटल्यात २९ जून २०१० ला सदोष मनुष्यवधाचे तीन आणि जबर दुखापतीचा एक, असे गुन्हे सिद्ध ठरले. शिक्षा सात वर्षांची झाली.

ऑगस्ट २०१२ मध्ये देशाच्या उच्च न्यायालयाने ही शिक्षा एकमताने रद्द केली. शस्त्रक्रिया निष्काळजीपणे केल्या, असे सरकार पक्षाने आधी म्हटले होते. खटला बराच पुढे गेल्यावर त्याने भूमिका बदलली आणि या शस्त्रक्रिया करण्याचा निर्णयच चूक होता, असे म्हटले. तोपर्यंत पटेल यांच्या कौशल्याविषयीचा, नव्या भूमिकेशी फारसा संबंध नसलेला आणि मन कलुषित करणारा पुष्कळ पुरावा ज्युरीने ऐकला होता. अशा ज्युरीकडून निष्पक्ष निर्णयाची अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मार्च २०१३ मध्ये फेरखटल्यातल्या पहिल्या प्रकरणात ते निर्दोष सुटले, दुसऱ्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये नोंदणीच्या वेळी माहिती लपवल्याचा फसवणुकीचा गुन्हा त्यांनी कबूल केला. दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली आणि उरलेले आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियात वैद्यकी करण्यास कायमची बंदी झाली. बंडाबर्गच्या रुग्णांना हा शेवट समाधान देणारा नव्हता. परंतु ज्याचे दोष आयोगाने नोंदवले होते, त्यालाही निष्पक्ष खटल्याचा हक्क आहे हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

काय बदलले

दोन्ही प्रकरणांचे परिणाम कायद्यात दिसतात. १ जुलै २०१० पासून डॉक्टरांची नोंदणी राज्यांच्या मंडळांऐवजी एका राष्ट्रीय व्यवस्थेखाली आली. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना नोंदणीत होणाऱ्या त्रासाची संसदीय समितीने चौकशी केली आणि २०१२ मध्ये अहवाल दिला; एकमेकांशी मेळ नसलेल्या नियमांच्या जंजाळावर त्यात टीका होती. चौकशीच्या काळात वगळायच्या वेळेवर २०१० च्या दुरुस्तीने सात दिवसांची मर्यादा घातली. क्लार्क यांच्या शिफारशीशी सुसंगत असे, राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यांवर स्वतंत्र देखरेख ठेवणारे पदही त्याच वर्षी कायद्याने निर्माण झाले, आणि २०११ मध्ये ब्रेट वॉकर यांची त्यावर पहिली नेमणूक झाली.

व्हिसाच्या बाजूने मात्र उलट प्रवास झाला. न्यायमूर्ती स्पेंडर आणि पूर्णपीठाने ‘संबंध’ या अटीला घातलेली चौकट २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली. गुन्हेगारी वर्तनात गुंतल्याचा संशय असलेल्या व्यक्तीशी किंवा गटाशी संबंध असल्याचा वाजवी संशयही आता पुरेसा मानला जातो. बारा महिने किंवा अधिक तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आणि ती तुरुंगात भोगत असलेल्या परदेशी नागरिकाचा व्हिसा तर आपोआप रद्द होतो. आरोपीला पोलीस कोठडीत मिळालेले संरक्षण २००७ नंतर वाढले, आणि व्हिसाधारकावरचा मंत्र्यांचा अधिकारही वाढला. रुग्णालये अजूनही परदेशी डॉक्टरांवर अवलंबून असलेल्या या देशात आजचा कायदा या दोन्ही टोकांवर उभा आहे.